मामांची लाइटवाली सिनरी

लग्न होऊन मी मळ्यातल्या घरी आले तेव्हा बैठकीच्या खोलीत तीन घड्याळं होती आणि तिन्हींत वेगवेगळी वेळ. पहिल्याच आठवड्यात मी नवऱ्याला विचारलं, "यातलं खरं कोणतं?" त्यानं मनगट पुढे केलं. "खरं हे. ती आहेरातली आहेत." पुढे हळूहळू उलगडा झाला. ज्यानं घड्याळ दिलं तो येणार असेल तेव्हाच त्यात सेल पडायचा. आत्याबाई येणार असा निरोप आला की सासरे छोट्या ट्रान्झिस्टरमधला सेल काढून त्यांच्या घड्याळात घालत. आत्याबाईंची पाठ वळली की सेल परत ट्रान्झिस्टरमध्ये, आणि सासरे बातम्या ऐकायला मोकळे.

घर नाशिकच्या मखमलाबाद बाजूला, गुलाब आणि शेवंतीच्या मळ्यात. मी येण्याच्या काही वर्षं आधी सासऱ्यांनी पत्र्याचं घर पाडून स्लॅबचं बांधलं होतं आणि त्या वास्तुशांतीला आलेला सगळा आहेर भिंतींवर होता. घड्याळं, काचेवरचे गणपती, चकचकीत राधाकृष्ण, धावणारे सात घोडे, कुठल्या तरी परदेशातले बर्फाचे डोंगर. प्रत्येकाच्या उजव्या कोपऱ्यात ऑइलपेंटनं दोन ओळी. वर 'सप्रेम भेट', खाली देणाऱ्या जोडप्याची नावं. आमच्याकडे चित्र कोणी बघत नसे, कोपरा वाचत. येणारा पाहुणा टेकायच्या आधी भिंतींवरून नजर फिरवायचा आणि स्वतःचं नाव सापडलं की मगच पाण्याचा तांब्या हातात घ्यायचा.

मी पंचवटीत भाड्याच्या दोन खोल्यांत वाढले. घरमालक खिळा ठोकू देत नसे, त्यामुळे आमच्याकडे एकच कॅलेंडर होतं आणि तेही खिडकीच्या गजाला बांधलेलं. मोकळी भिंत ही मला गरिबीची खूण वाटली नाही कधी. सवयीची गोष्ट होती ती. सासरी मात्र मला भिंतींकडे बघून धाप लागायची. मी शिकवायचे त्या शाळेत दिवसभर मुलांचे तक्ते, घरी आले की पाहुण्यांचे.

कोणतं चित्र कुठे हे सासऱ्यांचं खातं. दारासमोरची भिंत सोयऱ्यांची, डावीकडची भावकीची, मोरीच्या बाजूची ओळखीपाळखीच्यांची. बोलणं तुटलं की चित्र उतरायचं, समेट झाला की परत चढायचं. एका चुलतभावाचे सात घोडे माझ्या डोळ्यांदेखत दोनदा उतरले आणि दोनदा चढले. घोडे तेच. भांडण दोन्ही वेळा बांधाचं.

या सगळ्यांत मोठी होती मामांची सिनरी. मामा म्हणजे सासूबाईंचे धाकटे भाऊ, नामपूरचे, दुसऱ्यांच्या कांद्याच्या चाळी भरून देणारे. निसर्गाच्या कुठल्याही चित्राला आमच्याकडे सिनरीच म्हणत, पण ही लाइटवाली होती. लाकडी पेटीवर काच, काचेवर धबधबा, मागे दिवा. बटण दाबलं की आतली पन्नी फिरायची आणि पाणी खरंच पडतंय असं वाटायचं. मी आले तेव्हा पन्नी फिरवणारी मोटर जळून गेली होती. दिवा लागायचा, पण पाणी जागच्या जागी उभं. मला ती भयंकर वाटायची. सासूबाई मात्र दर शनिवारी ओल्या फडक्यानं तिची काच पुसत. बाकीच्या चित्रांना आम्ही दिवाळीत एकदा झटकत असू.

ती दारासमोर लागलेली होती आणि तिथून ती हलावी अशी सासऱ्यांची इच्छा होती, कारण मामांचं येणं बंद झालं होतं. ते असं झालं. माझ्या नणंदेचं लग्न मळ्यातच होतं. नवरीला मामानं मंडपात आणायचं आणि मंगलाष्टकं होईपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं, हा मामाचा मान. मामा ज्या भाड्याच्या जीपनं येत होते ती देवळ्याच्या पुढे पंक्चर झाली. इकडे मुहूर्त टळायला आला, वरपक्ष घड्याळं दाखवायला लागला. सासऱ्यांनी शेवटी आपल्या चुलतभावाला, घोडेवाल्यालाच, पुढे केलं. मामा मंडपाच्या दारात पोचले तेव्हा लोक शेवटच्या अक्षता टाकत होते. ते तिथेच थांबले. हातातली साडीची पिशवी त्यांनी कोणाजवळ तरी दिली आणि न जेवता परत गेले.

लग्नघरातून न जेवता गेलेला माणूस ही आमच्याकडे लहान गोष्ट नाही. त्यानंतर भाऊबीज नाही, संक्रांत नाही. सासूबाईंना माहेरी जायचं तर न्यायला कोणी तरी मुराळी यायला हवा, ही त्यांची रीत. नातवंडं झालेल्या बाईला मुराळी कशाला लागतो, असं मी एकदा म्हटलं. त्या म्हणाल्या, "न बोलवता जायला ते काय बाजारचं गाव हाय का?" सासरे वर्षातून एकदा तरी म्हणत, "मग ती सिनरी उतरवा आता." सासूबाई ऐकू न आल्यासारखं करून भाकरी थापत राहत. एरवी त्या घरात सासऱ्यांच्या शब्दापुढे कोणाचा शब्द नव्हता. पण ती सिनरी काही उतरली नाही.

दोन हजार सालानंतर मळ्याच्या तिन्ही बाजूंनी सोसायट्या उभ्या राहिल्या आणि आमच्या घरालाही बंगला व्हायची हौस आली. वर मजला चढला. खाली दोन खोल्यांमधली भिंत पाडून लांबलचक हॉल झाला, पीओपीचं छत झालं, भिंतींना फिकट बदामी प्लास्टिक पेंट लागला. काम सुरू होण्याआधी सगळी चित्रं आणि घड्याळं उतरवून, बारदानात गुंडाळून विहिरीवरच्या मोटरच्या खोलीत ठेवली होती. रंगारी गेले त्या संध्याकाळी मी हॉलच्या मधोमध उभी राहिले आणि मला फार बरं वाटलं. इतकं बरं मला त्या घरात त्याआधी वाटलं नव्हतं.

जेवताना मी विषय काढला. जुनं एकही लावायचं नाही, आपण आपल्या पसंतीचं एकच मोठं चित्र आणू. वाद होईल म्हणून मी तयारीत होते, पण सासरे लगेच हो म्हणाले. माझ्या आवडीनिवडीशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. त्यांना हिशोब सुटसुटीत झालेला आवडला. "कोणाचंच नाय लावलं म्हणजे कोणाचं तोंड वाकडं व्हायला नको. लावायचं तर सगळ्यांचं, नायतर एकाचंबी नाय." नवरा माझ्याकडे बघून हो म्हणाला, मग वडिलांकडे बघून हो म्हणाला. त्याचं सगळं आयुष्य असंच सुखात गेलं आहे.

सासूबाई म्हणाल्या, "भाऊची तेवढी लावायची."

"नियम सगळ्यांना एकच," सासरे म्हणाले.

"वास्तुशांतीला मी त्याला बोलवणार हाय. इतक्या वर्षांनी तो उंबऱ्यावर येईल, न् समोर बघंल, न् त्याची सिनरी नसंल. तिथूनच माघारी फिरंल तो. मग मी मरेस्तोवर नाय यायचा."

एवढं सलग बोलताना मी त्यांना फारसं ऐकलं नव्हतं. सासरे म्हणाले, "येणार तर हाय का तो?" मी सासूबाईंच्या बाजूनं बोलले नाही. त्या बदामी भिंतीवर तो उभा धबधबा मला डोळ्यांसमोर दिसत होता.

चित्र आणायला मी आणि नवरा शहरात फिरलो. फ्रेमच्या दुकानांत जिकडेतिकडे तेच, घोडे आणि डोंगर. "वास्तूला घोडे चांगले, ताई," असं प्रत्येक दुकानदार सांगायचा. एकानं तर घोड्यांची तोंडं घराच्या आत हवीत की बाहेर यावर मला बरंच ऐकवलं. शेवटी चित्रकला शिकणाऱ्या मुलामुलींचं एक प्रदर्शन भरलं होतं, तिथे मला हवं ते सापडलं. मोठा कॅनव्हास, मातीचे रंग, एकावर एक पसरलेले पट्टे, कुठे हिरव्याची एखादी रेघ. काय आहे हे मला सांगता आलं नसतं, पण त्यापुढे उभं राहिलं की डोकं शांत व्हायचं. मी ते घेतलं.

घरी आणून भिंतीला टेकवल्यावर सासरे त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसले. बराच वेळ बघितलं त्यांनी. मग म्हणाले, "जन्मभर शेणानं सारवलेल्या भिंती बघितल्या. आता कुठं भिंतीला चकाकी आली, तर सूनबाईंनी सारवणाचं चित्र आणलं." सासूबाई पदराआड हसल्या. मलाही हसू आलं, कारण ते अगदीच खोटं नव्हतं.

पत्रिकेत मी एक ओळ छापून घेतली होती, 'कृपया आहेर आणू नये.' नवी घड्याळं थोपवायचा मला दुसरा उपाय सुचला नाही. सासूबाईंनी नामपूरची पत्रिका पोस्टानं पाठवली नाही, बाजाराला जाणाऱ्या एका टेम्पोवाल्याच्या हाती दिली आणि त्यानं ती हातोहात दिली का, हे तो परत आल्यावर तीनतीनदा विचारलं. त्यानं दिली होती. "येतो म्हणले का?" "काय बोलले नाय, मावशी. वाचत बसले." त्या दिवसापासून त्यांची जेवणावरची वासना उडाली. शेवंती तोडायला गेल्या की टोपलं अर्धंच भरायचं. मी एकदा म्हटलं, आई, येतील ते. त्या म्हणाल्या, "येईल गं. थांबला पायजे."

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी मोटरच्या खोलीतून मांडवाचं सामान काढताना सासऱ्यांच्या हाताला ती सिनरी लागली. बारदान सुटलं होतं. उन्हात आणून ते बघायला लागले आणि त्यांनी मोठ्यानं हाक मारली. आम्ही सगळे धावलो, मला वाटलं विंचू चावला. ते कोपऱ्यावर बोट ठेवून उभे होते. 'सप्रेम भेट' हे पिवळ्या रंगात होतं आणि खालची मामा-मामींची नावं पांढऱ्या. काच तिरपी धरली की त्या नावांखाली ब्लेडनं खरवडल्याच्या रेघा दिसत होत्या आणि रेघांखाली दुसरीच कोणाची तरी पिवळी नावं, पुसट.

"घ्या," सासरे म्हणाले. "दुसऱ्यानं दिलेली आपल्याला चिकटवली. नाव खोडून! आणि हिच्यासाठी तू इतकी वर्षं माझं ऐकलं नाहीस."

आहेर फिरवणं आमच्यात नवं नाही. कपबश्यांचे सेट तर दहा घरं हिंडून कधीकधी पहिल्या घरी परत येतात. पण ते उघडं पडू द्यायचं नसतं, पडलं की हसं होतं. सासरे हसत होते. मी सासूबाईंकडे बघितलं.

"मला माहीत हाय," त्या म्हणाल्या.

"काय माहीत हाय?"

"त्याच्या लग्नातली हाय ती. त्याच्या मालकानं दिलेली. त्याच्या भिंतीवर तेवढी एकच वस्तू होती. मी तिथं गेले की लाइट लावून दाखवायचा मला. आपली वास्तुशांत आली, तेव्हा हातात द्यायला काय नव्हतं त्याच्याजवळ. तर ती खिळ्यावरनं काढली न् डोक्यावर घिऊन आला. त्या दिवसापासून त्याची भिंत मोकळीच हाय."

त्यांचा आवाज चढला नव्हता. सासऱ्यांनी सिनरी खाली ठेवली, मग पुन्हा उचलली, फडकं मागितलं. काच पुसून झाल्यावर नवऱ्याला म्हणाले, "ड्रिल आण." दारासमोरच्या भिंतीवर, माझ्या चित्रापासून हातभर अंतरावर, ती लागली. नियमाचं कोणी नाव काढलं नाही. ती सिनरी मला आवडत नव्हती आणि आजही आवडत नाही. पण भोक पडत असताना ड्रिलची वायर धरून मीच उभी होते.

दुसऱ्या दिवशी वास्तुशांत झाली. ज्या ओळीवर माझी भिस्त होती तिचं काय झालं ते सांगायला नकोच. "आहेर नको लिहिलंय म्हणून तर नुसतं घड्याळ आणलं," असं आत्याबाई म्हणाल्या. माझ्या चित्रापुढे लोक येत, सवयीनं कोपऱ्यात वाकत आणि चित्रकाराची सही वाचायचा प्रयत्न करत. घोडेवाल्या चुलतसासऱ्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "हे कोण पाव्हणे? आपल्यातले का?"

सासूबाई पूजेला बसल्या होत्या पण डोळे दाराकडे. भटजींनी दोनदा सांगितलं, मावशी, हात इकडे. पहिली पंगत उठली तरी मामांचा पत्ता नव्हता. दुसरी बसत होती तेव्हा ते आले. एकटेच. पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी, आणि मी नणंदेच्या लग्नात पाहिलं होतं त्यापेक्षा पुष्कळ वाळलेले. सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्याशी गेल्या. मामा म्हणाले, "काय व आक्का, बरी शे ना?" आणि मग त्यांची नजर समोरच्या भिंतीवर गेली.

माझं लक्ष त्यांच्या चेहऱ्यावर होतं. तो खुलेल असं मला वाटलं होतं. तो पडला. पायावर पाणी घेऊन ते आत आले आणि पंगतीत बसताना मुद्दाम भिंतीकडे पाठ करून बसले. सासूबाई म्हणाल्या, "भाऊ, समोर बस की, वारा हाय." ते हलले नाहीत. जेवले मात्र, पुरणपोळी दोनदा घेतली. त्या त्यांच्या ताटाशेजारून उठल्याच नाहीत, हातानं तूप वाढत राहिल्या.

जेवणं झाल्यावर मामा स्वयंपाकघरात आले. मी डबे भरत होते. दोघं भाऊबहीण एकमेकांशी त्यांच्या बागलाणच्या बोलीत बोलत आणि ती मला अर्धीमुर्धीच कळे. पण पहिलं वाक्य स्पष्ट कळलं.

"आक्का, ती खाले उतार. माले लाज वाटस."

सासूबाईंना काही समजेना. मग मामा जे बोलले ते मला जसं कळलं तसं लिहिते. या घरात यायचो तेव्हा प्रत्येक वेळी ती समोर दिसायची, म्हणाले. सगळ्यांनी कोरी वस्तू आणलेली, माझी तेवढी जुनी, नाव खरवडलेली. आज ना उद्या कोणी तरी वाचेल म्हणून जीव धाकात असायचा. लग्नात उशीर झाला, राग आला हे खरं. पण रुसायला कारण मिळालं म्हणून बरंही वाटलं, यायला नको. मग वाट बघत बसलो, आता तरी तुम्ही ती उतरवाल. इकडून कोणी आलं की विचारायचो. ते सांगायचे, आहे की, दारासमोरच आहे. या वेळी पत्रिकेत आहेर नको असं वाचलं आणि वाटलं, आता रिकाम्या हातानं जाता येईल.

"तू मुद्दाम ठेवलीस, असं वाटायचं मला," ते म्हणाले. "भावानं काय दिलं ते जगाला दिसावं म्हणून."

सासूबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. "अरे वेड्या," त्या म्हणाल्या, "तू आलास तर तुला दिसावी म्हणून ठेवली होती मी."

मामांनी टोपी काढली आणि ती हातात धरून उभे राहिले. मी पाठ फिरवून डब्यांची झाकणं लावायला लागले, पण मला ते फार लागलं.

मग सासूबाई उठल्या. हॉलमध्ये तिसरी पंगत बसलेली, भावकी, सोयरे, सगळे. कोणाला काही न सांगता त्यांनी स्टूल ओढलं, त्यावर चढल्या आणि सिनरी खिळ्यावरून काढायला लागल्या. सासरे धावत आले. लोक घास हातात धरून बघत होते.

"अगं, काय करतेस? काल तर एवढं रामायण झालं हिच्यापायी!"

"धरा खालून," सासूबाई म्हणाल्या. "भाऊ आलाय माझा. आता कशाला पायजे ती?"